गोळा गेला, श्रेय कोणाला?

पोटरीत गोळा यायची वेळ ठरलेली असते. त्याच्या निमित्ताने एखादी मीटिंग किंवा नात्यातलं बारसं टाळता आलं असतं, अशा वेळी तो कधी येत नाही. तो येतो रात्री अडीच-तीनला, माणूस झोपेत जरासा आळस देऊन पाय लांब करतो तेव्हा. पायाची बोटं खाली वळतात, पोटरीचा स्नायू आखडून वर येतो, बोटाने दाबला तर दबत नाही, आणि आत्तापर्यंत घोरत असलेले गृहस्थ एका हाताने कपाटाचं हँडल आणि दुसऱ्या हाताने पोटरी धरून देवाचं नाव घेऊ लागतात. मग घरोघरी एकच संवाद होतो. "अहो, काय झालं?" "गोळा!" "कुठे?" धरलेला पाय समोर दिसत असतो, पण रीत म्हणून विचारायचं. "पोटरीत!" "पाणीच पीत नाही तुम्ही." पहिल्या पंधरा सेकंदांत निदान झालेलं असतं. पलीकडच्या खोलीतून आई अंथरुणातूनच दुसरं मत देतात, "वात आहे तो. रात्री दही नको म्हटलं होतं मी." मुलगा मोबाइलवरून मान वर न करता म्हणतो, "मॅग्नेशियम लो असेल, बाबा." (रात्री तीन वाजता हा जागा का, हा प्रश्न त्या गडबडीत राहून जातो.) कोणी बाम शोधतं, कोणी तांब्या भरून आणतं, कोणी फ्रिजवरच्या टोपलीतलं केळं आणतं. केळं निम्मं सोलून होतं न होतं तोच गोळा उतरतो. "बघा! केळ्याने कसा लगेच गुण आला!" गृहस्थांनी ते अजून तोंडातही घातलेलं नसतं.

या दुखण्याचं सगळं राजकारण एका गोष्टीत आहे, ती म्हणजे गोळा आपला आपण जातो. काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत. आणि जे दुखणं आपलं आपण जातं, त्याच्यावर जगातला कुठलाही उपाय रामबाणच ठरतो. वरातीत सगळ्यात उशिरा उगवलेल्या पाहुण्याला फोटोत नवरदेवाच्या शेजारी उभं करावं, तसं सर्वांत शेवटी केलेल्या उपायाला सगळं श्रेय मिळतं. चरकसंहितेतल्या वातव्याधींमध्ये ही तक्रार 'खल्ली' या नावाने आलेली आहे, तेव्हा सल्ले साठवायला माणसाला भरपूर वेळ मिळालेला आहे. अमेरिकेत चादरीखाली साबणाची वडी ठेवून झोपणारे लोक आहेत. गोळा आला नाही तर साबणाचा गुण, आला तर साबण जुना झाला, नवी वडी आणा. आपण त्यांना हसायचं कारण नाही. आपल्याकडे मान आखडली की उशी उन्हात टाकतात. दुखणं माणसाचं, शेक उशीला. दोन-चार दिवसांत मान सुटते, कारण आखडलेली मान बहुतेक वेळा तेवढ्या दिवसांत सुटतेच. पण घरात उशीची प्रतिष्ठा वाढते आणि पुढच्या पिढीला ती वारशाने मिळते.

तर मुद्दा असा, की गोळ्यावरच्या उपायाची परीक्षा 'गोळा गेला का' या प्रश्नाने होऊच शकत नाही. तो जाणारच होता. विचारायचं ते हे, की तो एरवीपेक्षा लवकर गेला का, आणि पुढे कमी वेळा आला का. हा प्रश्न केळ्याला विचारून पाहा. मध्यम आकाराच्या केळ्यात साधारण चारशे मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाला दिवसाला साडेतीन हजार मिलिग्रॅम तरी हवं. म्हणजे केवळ केळ्यांवर भागवायचं तर आठ-नऊ केळी. सालीसकट उकडलेला बटाटा या बाबतीत केळ्याच्या मागे नाही, पण रात्री तीन वाजता बटाटा सोलून कोणी नवऱ्याच्या तोंडापुढे धरत नाही. शिवाय केळं चावायचं, गिळायचं, ते जठरातून आतड्यात जाणार, तिथून रक्तात, मग पोटरीत. रक्तातलं पोटॅशियम किंचित हलायलाही अर्धा-एक तास लागतो. तेवढ्यात गोळा उतरून, गृहस्थ पुन्हा घोरायला लागून, बायकोची झोप कायमची उडालेली असते. जळगावच्या केळ्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते चवीसाठी आणि वाणासाठी रास्तच आहे; पोटरीच्या खात्यावर त्याला वेगळा मान देण्याची गरज नाही.

यावर मीठ-पाणीवाले हरकत घेतील, आणि त्यांची हरकत हसण्यावारी नेण्यासारखी नाही. त्यांच्या बाजूने साक्षीला शास्त्रज्ञ जे. एस. हॉल्डेन उभे आहेत. पुढे भारताचे नागरिक झालेल्या जे. बी. एस. हॉल्डेन यांचे हे वडील. १९२०च्या दशकात इंग्लंडमधल्या खोल, तापलेल्या कोळसा खाणींत कामगारांना भयंकर गोळे येत, तेव्हा असं दिसलं की ही माणसं घाम गाळून वर नुसतं पाणी ढोसत होती. पाण्यात मीठ घातल्यावर त्रास कमी झाला. तेव्हा मे महिन्यात चंद्रपूरच्या उन्हात दिवसभर राबणाऱ्या माणसाला कोणी मीठ-साखर-पाणी देत असेल, तर त्याचा हात धरू नये. पण हाच न्याय एसी लावून, पंखाही चालू ठेवून, सोलापुरी चादरीत झोपलेल्या माणसाला कसा लावायचा? त्याने दिवसभरात गाळलेला घाम म्हणजे ओटीपी आला नाही तेव्हाचा. खेळाडूंचं काय, असं विचाराल, तर तिथेही पुरावा घोटाळ्यातच टाकतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दक्षिण आफ्रिकेतल्या अभ्यासात आयर्नमॅन शर्यतीतल्या दोनशे दहा स्पर्धकांना तपासलं. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर अख्खी मॅरेथॉन, असा तो स्वतःच्या पैशाने विकत घेतलेला छळ. ज्यांना गोळे आले आणि ज्यांना आले नाहीत, त्यांच्या शरीरातलं पाणी आणि रक्तातले क्षार यांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. फरक निघाला तो वेगात: गोळे आलेले जास्त जोरात सुटले होते, आणि त्यांना पूर्वीही गोळे येत असत.

वानखेडेवर तर हा सगळा प्रयोग आपण कोट्यवधी लोकांनी घरबसल्या पाहिला. ७ नोव्हेंबर २०२३, अफगाणिस्तानविरुद्धचा सामना, ऑस्ट्रेलिया ७ बाद ९१, जिंकायला २९२ हवेत, आणि ग्लेन मॅक्सवेलच्या अंगात जागोजागी गोळे. माणूस खेळपट्टीवर आडवा झाला होता. त्याच्या दिमतीला फिजिओ होता, पेयं होती, बर्फ होता, जगातल्या एका श्रीमंत क्रिकेट मंडळाचा सगळा फौजफाटा होता. नव्हती ती फक्त विश्रांती. शेवटी पाय न हलवता, जागेवर उभ्या उभ्या, त्याने १२८ चेंडूंत नाबाद २०१ काढल्या, आणि पॅट कमिन्सने समोर ६८ चेंडूंत १२ धावा काढून त्याला पळायची वेळ फारशी येऊ दिली नाही. त्या रात्री महाराष्ट्रातल्या किती घरांतून टीव्हीकडे बघून "अरे, त्याला केळं द्या कोणीतरी!" असा सल्ला गेला असेल, याची गणती करवत नाही. आठवड्याभराने त्याच मैदानावर शुभमन गिल ७९ वर असताना पाय धरून बाहेर गेला, तेव्हा तोच सल्ला तितक्याच प्रेमाने पुन्हा दिला गेला.

मग गोळा येतो कशाने? १९९७ सालापासून केप टाउनच्या संशोधकांनी जोर लावून मांडलेली उपपत्ती अशी, की भानगड क्षारांपेक्षा मज्जातंतूंच्या हुकमात आहे. स्नायूच्या पोटात 'आवळ, आवळ' म्हणणारी एक यंत्रणा असते, आणि स्नायू जिथे हाडाला बांधलेला असतो त्या कंडऱ्यात 'पुरे आता' म्हणणारी दुसरी. ही दुसरी यंत्रणा इटलीच्या कामिल्लो गोल्जीने शोधली. त्याला १९०६चं नोबेल मिळालं ते मज्जासंस्थेवरच्या एकूण कामासाठी, काहाल या शास्त्रज्ञाबरोबर वाटून, आणि नोबेलच्या भाषणातही त्याने काहालच्याच सिद्धान्ताशी भांडण काढलं. स्नायू थकला की पहिलीचा आवाज चढतो आणि दुसरीचा बसतो. त्यात स्नायू आधीच आखूड झालेला असला, म्हणजे झोपेत पंजा खाली वळलेला असला, तर कंडरा सैल पडतो आणि 'पुरे' म्हणणारं कोणी उरतच नाही. (आमच्यासारख्या लिहिणाऱ्यांच्या पोटरीला दिवसभरात खुर्चीपासून चहापर्यंत एवढाच प्रवास असतो, त्यामुळे 'स्नायू थकला' हे कारण सांगताना आम्हालाच लाज वाटते, पण वापर नसलेल्या, आखूड झालेल्या स्नायूलाही गोळा यायला हरकत नसते, अशी आमची सोय शरीराने करून ठेवली आहे.) उपाय यातूनच निघतो. गुडघा सरळ ठेवायचा, पायाचा पंजा धरून बोटं आपल्या नडगीकडे ओढायची आणि तशीच धरून ठेवायची. पोट सुटल्यामुळे हात पंजापर्यंत पोचत नसेल, तर टॉवेल पंजाला अडकवून दोन्ही टोकं ओढावीत, किंवा उठून टाच जमिनीला टेकवून भिंतीला हात लावून पुढे झुकावं. कंडरा ताणला जातो, गोल्जीची यंत्रणा जागी होते, आणि गोळा उतरतो. नंतर हाताने चोळलं, गरम पाण्याची पिशवी ठेवली, तर दुखरेपणा निवतो. बाम लावायचा तर लावावा. १८९३ साली मुंबईत अमृतांजन निघाल्यापासून त्या झोंबण्याच्या आणि वासाच्या दिलाशावर आपल्या पिढ्या पोसल्या गेल्या आहेत, आणि 'काहीतरी केलं' हे समाधानही घरातल्यांना लागतंच.

हा उपाय फुकट आहे, आणि तीच त्याची सगळ्यात मोठी उणीव. त्याची बाटली नाही, त्यावर हिरवं पान छापलेलं नाही, तो परदेशातून येणाऱ्या भाच्याला आणायला सांगता येत नाही. "काय केलंत हो?" "पंजा ओढला." "आणि घेतलंत काय?" "काही नाही." ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जी निराशा पसरते ती पाहून बरा झालेला माणूसच खजील होतो, आणि पुढच्या वेळेपासून "तसं केळंही खाल्लं होतं" अशी पुस्ती जोडू लागतो. आषाढी वारीत दिवे घाट चढून सासवडला टेकलेल्या वारकऱ्यांचे पाय तेल लावून चेपणारे लोक असतात. घाट चढून आलेल्या पोटऱ्यांना त्याहून रास्त काही नाही. पण तिथेही कोणीतरी वाकून विचारतंच, "माउली, तेल कुठलं म्हणायचं हे?" चेपणारे हात समोर असतात आणि चौकशी तेलाची.

खऱ्या संशोधनाने या श्रेयवादाची आणखी पंचाईत केली ती लोणच्यावरून. अमेरिकेत काकडीच्या लोणच्याचं व्हिनेगर-मिठाचं पाणी खेळाडू पितात. २०१०च्या एका प्रयोगात काही जणांना विजेचा सौम्य धक्का देऊन पायाच्या अंगठ्याच्या स्नायूत मुद्दाम गोळा आणला (स्वयंसेवक कुठे मिळतात देव जाणे) आणि ते पाणी पाजलं. साध्या पाण्यापेक्षा गोळा सरासरी ४९ सेकंद आधी उतरला. आता मीठवाले उड्या मारणार, तोच संशोधकांनी दाखवलं की एवढ्या वेळात रक्तातल्या क्षारांत काहीच बदल झाला नव्हता. काम झालं ते बहुधा घशात: त्या आंबट-खारट झणक्याने मज्जासंस्था दचकते आणि पोटरीवरचा हुकूम मागे घेते. रॉडरिक मॅकिनन यांची गोष्ट याहून गमतीची. त्यांना २००३चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते पेशींमध्ये पोटॅशियम नेमकं कुठल्या दारातून जातं त्याची रचना उलगडल्याबद्दल. समुद्रात होडी वल्हवताना त्यांना गोळे येत. पोटॅशियमबद्दल पृथ्वीतलावर सर्वांत जास्त कळणारा हा माणूस केळं घेऊन बसला नाही. त्याने आलं, दालचिनी आणि मिरची यांचं पेय बनवलं. हे वाचून बरणीतल्या कैरीच्या लोणच्याचा खार चमच्याने चाटायची इच्छा होईल. आमची ना नाही. मात्र प्रयोग झाला तो व्हिनेगरवर, आपल्या खारात तेल आणि मोहरी असते. आणि रक्तदाब असलेल्या माणसाने रात्री तीन वाजता लोणचं चाटताना सापडल्यावर "पोटरीसाठी" हे स्पष्टीकरण घरात टिकत नाही.

'नैसर्गिक ते निर्धोक' अशी एक हरकत उरते, म्हणजे हरकत कसली, श्रद्धाच. तिला उत्तर सिंकोना झाडाच्या सालीत आहे. त्या सालीतून निघणारं क्विनाइन शंभर टक्के झाडाचं, आणि गोळ्यांवर त्याचा थोडाफार उपयोगही होतो. पण रक्तातल्या प्लेटलेट आणि हृदयाची लय यांवर क्वचित इतका वाईट परिणाम होतो, की अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ साली पोटरीच्या गोळ्यांसाठी ते घेऊ नका म्हणून बजावलं. उलट मॅग्नेशियमच्या गोळ्या बहुतेकांना निरुपद्रवी, पण २०१२ आणि २०२० अशा कॉक्रेन या संस्थेच्या दोन्ही आढाव्यांनी म्हटलं की उतारवयातल्या माणसांचे गोळे त्यांनी फारसे कमी होण्याची शक्यता दिसत नाही. म्हणजे एक नैसर्गिक आणि थोडं गुणकारी, पण धोक्याचं. दुसरं निर्धोक, पण निरुपयोगी. औषधांच्या दुकानात दुसऱ्याचा खप जास्त आहे. यात माणसाचं शहाणपण म्हणायचं की भोळेपणा, हे ज्याने त्याने बाटली हातात घेऊन ठरवावं.

गोळा येऊच नये म्हणून काय करावं, यावर पुरावा थोडका आणि जरा भांडखोर आहे. नेदरलँड्समध्ये २०१२ साली पंचावन्नच्या पुढच्या ऐंशी जणांवर प्रयोग झाला. निम्म्यांनी सहा आठवडे रोज झोपण्यापूर्वी पोटऱ्या आणि मांड्यांचा मागचा भाग ताणला, आणि त्यांचे गोळे रात्रीला सरासरी एकाहून थोडे जास्त असे कमी झाले. याच्या आधी, २००५ साली, ब्रिटनमधल्या चाचणीत मात्र ताणून काही फरक पडलेला दिसला नव्हता. तेव्हा छातीठोकपणे सांगता येत नाही, पण तीन मिनिटं भिंतीला हात लावून उभं राहण्याने खिसा, किडनी आणि संसार यांपैकी कशालाच धक्का लागत नाही, हे लक्षात घेता आमचा कौल ताणण्याला. १९८८ साली एका वैद्यकीय नियतकालिकात असं गृहीतक मांडलं गेलं होतं, की माणसाने उकिडवं बसणं सोडलं म्हणून पोटऱ्या ताणल्या जाईनात आणि रात्रीचे गोळे वाढले. सिद्ध काही झालेलं नाही. पण जुन्या घरातला देशी संडास पाडून कमोड बसवणाऱ्या, आणि मग महिन्याला पैसे भरून योगवर्गात 'मलासन' शिकायला जाणाऱ्या समाजाने त्यावर निदान एकदा विचार करावा. पायथ्याशी गादीखाली घट्ट खोचलेली चादर सैल करावी, म्हणजे पंजे रात्रभर खाली दाबले जाणार नाहीत. आणि वर्षभर लिफ्ट वापरून जानेवारीत एकदम मॅरेथॉनला उभं राहू नये. गोळे रोजच येऊ लागले, नवीन औषध सुरू झाल्यापासून येऊ लागले, किंवा एकच पोटरी सुजून, लाल होऊन दुखतच राहिली, तर मात्र पंजा, केळं, साबण सगळं बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. तो गोळा नसून शिरेतली गुठळीही असू शकते.

पाठीत भरणाऱ्या उसणीचं शास्त्र याहून प्रगत आहे, कारण तिच्यावर महाराष्ट्रात लाथ मारायची सोय आहे. पायाळू माणसाने, म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आलेल्याने, पाठीला पाय लावला की उसण जाते. आमचा मघाचा नियम इथेही लागू: बहुतेक उसणी काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत जातात, त्यामुळे लाथ कधीच वाया जात नाही. पण या प्रथेची टवाळी करण्याआधी हेलसिंकीकडे बघावं. तिथल्या नगरपालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांवर झालेला आणि १९९५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की पाठ धरल्यावर दोन दिवस अंथरुणात पडून राहिलेल्यांपेक्षा, आणि मुद्दाम पाठीचे व्यायाम केलेल्यांपेक्षाही, झेपेल तेवढे रोजचे व्यवहार चालू ठेवणारे लवकर बरे झाले. आता पायाळू काही घरपोच सेवा देत नाही. उसण भरलेल्या माणसाला उठावं लागतं, चपला घालाव्या लागतात, गावाच्या दुसऱ्या टोकाला चालत जावं लागतं, ओट्यावर वाट बघत बसावं लागतं आणि परत यावं लागतं. फिनलंडच्या तज्ज्ञांना हेच हवं होतं; त्यांना फक्त लाथ सुचली नाही.

पंचाईत आहे ती पुरवठ्याची. २००० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठी आंतरराष्ट्रीय चाचणी प्रसिद्ध झाल्यापासून, पायाकडून येणाऱ्या बाळासाठी सरळ सिझेरियन करण्याकडे डॉक्टरांचा कल वाढला. त्यामुळे पंचविशीच्या आतला अस्सल पायाळू शोधून सापडत नाही, आणि सापडलाच तर त्याच्या कागदपत्रांवरून ओट्यावर वाद पेटतो. "पोट फाडून काढलेला कसला पायाळू? तो तर आधी कमरेनेच आला असेल." "आत बसला कसा होता ते बघायचं, काका. सोनोग्राफीचा रिपोर्ट आहे घरात." "रिपोर्टने काय होतंय? जमिनीला आधी पाय लागायला पाहिजे." "मग नर्सच्या हाताला काय लागलं, ते विचारा की त्याच्या आईला!" आईला फोन लावला जातो, ती बँकेत असते, फोन उचलत नाही. "तुमचं ठरू द्या निवांत," म्हणत उसण भरलेला माणूस कमरेवर हात ठेवून उठतो, "तोवर मी एक चक्कर मारून येतो."